हृदयविकाराचा झटका: स्त्री आणि पुरुष यांच्या लक्षणांतील फरक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकाराच्या झटक्याविषयी दोन समज एकमेकांच्या अगदी उलट दिशेने पसरलेले दिसतात. जुना समज असा, की हा पुरुषांचा आजार आहे. नवा समज असा, की स्त्रियांना झटका आला तरी त्यांच्या छातीत दुखत नाही. पहिल्यामुळे स्त्रीच्या छातीतील दाबाकडे घरच्यांचे लक्ष जात नाही, आणि दुसऱ्यामुळे, छातीत दुखते आहे म्हणजे ते हृदयाचे नसावे, असा विपरीत निष्कर्षही काढला जाऊ शकतो. पुढील प्रश्नोत्तरे या दोन समजांच्या मधली वस्तुस्थिती मांडतात. हे वाचत असतानाच ज्यांना छातीत दाब, धाप किंवा दरदरून घाम असे काही जाणवत असेल, त्यांनी वाचन थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्त्रियांना झटक्यात छातीत दुखत नाही, हे खरे आहे का?

नाही. छातीतील वेदना किंवा अस्वस्थता हेच स्त्री आणि पुरुष या दोघांतही सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. अमेरिकेत १८ ते ५५ वर्षे वयाच्या सुमारे तीन हजार झटक्याच्या रुग्णांचा ‘व्हर्गो’ नावाचा अभ्यास झाला. त्याच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८७ टक्के स्त्रियांनी आणि ८९.५ टक्के पुरुषांनी छातीत वेदना, दाब किंवा जडपणा जाणवल्याचे सांगितले. हा फरक नगण्य म्हणावा असाच आहे.

मात्र तेवढ्यावर विषय संपत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील ११ लाखांहून अधिक रुग्णांच्या रुग्णालयीन नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा छातीत वेदना नसताना दाखल झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ४२ टक्के आणि पुरुषांत जवळपास ३१ टक्के निघाले. दोन अभ्यासांचे आकडे इतके वेगळे दिसण्याचे एक मोठे कारण वय हे आहे. दुसऱ्या पाहणीतील रुग्ण बरेच वृद्ध होते, आणि वय वाढते तसे वेदनेशिवाय येणाऱ्या झटक्याचे प्रमाण दोघांतही वाढते, तर स्त्री-पुरुषांतील अंतर कमी होत जाते. त्या आकड्यांची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे: वेदनेशिवाय आलेल्या झटक्यांत पुरुषांचा वाटा लहान नव्हता.

मग फरक नेमका कशात आहे?

फरक मुख्यतः सोबतच्या लक्षणांत आहे. मळमळ किंवा उलटी, धाप, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखणे, मान, जबडा किंवा दोन्ही हात भरून येणे, चक्कर, हातापायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे, एकाएकी जीव घाबरा होणे ही लक्षणे स्त्रियांत अधिक वेळा आणि अधिक संख्येने आढळतात. ‘व्हर्गो’ अभ्यासात अशी तीन किंवा त्याहून अधिक लक्षणे असलेल्यांचे प्रमाण स्त्रियांत सुमारे ६२ टक्के आणि पुरुषांत ५५ टक्के होते.

याचा व्यवहारातला परिणाम असा होतो, की छातीतला दाब असतो, पण तो इतर तक्रारींच्या गर्दीत हरवतो. पाच तक्रारी असलेली स्त्री बहुधा सर्वांत त्रासदायक तक्रार आधी सांगते, आणि ती उलटीची किंवा पाठीची असू शकते. ऐकणारा तिथेच थांबला, तर छातीविषयी विचारायचे राहून जाते.

रुग्णाला ‘छातीत दुखतंय का?’ असे विचारले आणि तो नाही म्हणाला, तर धोका टळला असे समजावे का?

तसे समजू नये, आणि याचे कारण बरेचसे भाषेत आहे. मराठीत ‘दुखणे’ म्हटले की आपल्याला ठणका, कळ किंवा चमक आठवते. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते तेव्हा होणारी जाणीव पुष्कळदा यांपैकी कशासारखीच नसते. छातीवर ओझे ठेवल्यासारखे, कोणी आवळून धरल्यासारखे, आत काहीतरी कोंडल्यासारखे, छाती भरून आल्यासारखे किंवा नुसते जळजळल्यासारखे वाटते. अशा व्यक्तीला ‘दुखतंय का?’ असे विचारले, तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देते, आणि कागदावर ‘छातीत वेदना नाही’ अशी नोंद होते. माझ्या मते वेदनारहित झटके म्हणून गणल्या गेलेल्या काही झटक्यांत तरी प्रश्नाच्या शब्दांचा दोष असावा.

म्हणून विचारताना ‘छातीत, गळ्यात, जबड्यात, हातांत किंवा पोटाच्या वरच्या भागात काही वेगळं, जड, आवळल्यासारखं वाटतंय का?’ असे विचारावे. याउलट एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी क्षणभर निघणारी, श्वास घेताना किंवा कूस बदलताना वाढणारी चमक हृदयाची असण्याची शक्यता कमी असते. कमी असते, शून्य नसते.

पित्त आहे की हृदय, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

खात्रीने ओळखता येत नाही, हेच याचे प्रामाणिक उत्तर आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्याकडून येणाऱ्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे मार्ग मज्जारज्जूच्या एकाच पट्ट्यात मिळतात, त्यामुळे मेंदूलाही या दोन जागांतला फरक नीट कळत नाही. ढेकर आल्यावर किंवा ॲसिडिटीचे औषध घेतल्यावर बरे वाटले, म्हणून हृदयविकार नाही असे सिद्ध होत नाही.

आपल्या घरांत या लक्षणांसाठी तयार उत्तरे असतात. उपास केला म्हणून पित्त खवळले, रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली म्हणून गॅस झाला, पाण्याची बादली उचलली म्हणून पाठीत उसण भरली, ऊन लागले म्हणून चक्कर आली, बाळंतिणीला वारा लागला. ही उत्तरे बहुतेक वेळा बरोबरही असतात, आणि नेमका तिथेच धोका आहे, कारण नव्याण्णव वेळा खरे ठरलेले कारण शंभराव्या वेळी तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ‘व्हर्गो’ अभ्यासात आपली लक्षणे ताणामुळे किंवा चिंतेमुळे आहेत असे स्वतःच मानणाऱ्या स्त्रिया २१ टक्के होत्या, तर पुरुष १२ टक्के.

काही खुणांवरून मात्र संशय बळावला पाहिजे. त्रास चालण्याने, जिना चढण्याने किंवा ओझे उचलण्याने वाढतो आणि थांबल्यावर कमी होतो. नेहमीच्या पित्तापेक्षा या वेळचे काहीतरी निराळे वाटते. मळमळीबरोबर थंडगार घाम फुटतो. जबड्यात दुखते पण कुठल्या दाताचे ते सांगता येत नाही. त्रास काही मिनिटांत थांबत नाही किंवा थांबून पुन्हा येतो. यांतील एकही खूण असली, तर हिंग-ओव्याच्या पाण्याची वाट न पाहता ईसीजी काढून घ्यावा.

झटका येण्याआधी काही दिवस इशारा मिळतो का?

अनेकांना मिळतो, परंतु तो झटका येऊन गेल्यानंतरच इशारा म्हणून ओळखला जातो. २००३ मध्ये अमेरिकेत झटक्यातून वाचलेल्या ५१५ स्त्रियांना आधीच्या आठवड्यांविषयी विचारले असता सुमारे ७१ टक्के स्त्रियांनी नेहमीपेक्षा वेगळा, न समजणारा थकवा, ४८ टक्क्यांनी झोपेची तक्रार आणि ४२ टक्क्यांनी धाप लागल्याचे सांगितले. ही माहिती आठवणीवर आधारलेली आहे, आणि थकवा तर कोणत्याही आजारात, किंबहुना आजाराविनाही येतो, त्यामुळे या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. तरीही रोजचेच काम करताना, उदाहरणार्थ अंथरूण घालताना किंवा देवळाच्या चार पायऱ्या चढताना, अचानक थांबून श्वास घ्यावा लागू लागला, तर तो बदल वयाच्या नावावर टाकू नये.

हा फरक का पडतो?

एकच एक कारण नाही. सर्वसाधारणपणे झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्यामुळे. स्त्रियांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, हा थर फुटण्याऐवजी त्याचा पृष्ठभाग झिजून गुठळी तयार होण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. त्यांच्या रोहिण्या सरासरीने अरुंद असतात, आणि अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकारही त्यांच्यात अधिक आढळतो. त्यात वयाचा भाग मिसळतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा आल्याचे दिसले. म्हणजे झटका येतो तेव्हा स्त्री वयाने मोठी असते, आणि तिला मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी असे इतर आजारही असतात. लक्षणांतला काही फरक स्त्रीत्वाचा नसून या वयाचा आणि या आजारांचा असतो.

पाळी चालू असेपर्यंत स्त्रीला झटका येत नाही ना?

येऊ शकतो. पाळी जाण्यापूर्वी धोका कमी असतो एवढेच खरे. शिवाय दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ‘इंटरहार्ट’मध्येच आढळले आहे; सरासरी वय तिथे ५३ होते. त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकांतील वयाची गणिते आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

तरुण स्त्रियांत एक निराळा प्रकारही आढळतो. रोहिणीच्या भिंतीचे थर आपोआप एकमेकांपासून सुटतात, मध्ये रक्त साचते आणि प्रवाह अडतो. याचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असतात, त्यांना बऱ्याचदा मधुमेह नसतो, कोलेस्टेरॉल वाढलेले नसते, आणि गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत येणाऱ्या झटक्यांचे हे एक प्रमुख कारण आहे. बाळंतिणीने छातीत दाब किंवा धाप असल्याचे सांगितले, तर तिला शेक-शेगडीवर न ठेवता रुग्णालयात न्यावे.

गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या किंवा त्यामुळे आकडी (फिट) आलेल्या, तेव्हा मधुमेह झालेल्या, किंवा चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. ही माहिती हृदयरोगतज्ज्ञाला आवर्जून सांगावी. वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाविषयी ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.

मधुमेह असेल तर लक्षणे बदलतात का?

होय. बरीच वर्षे मधुमेह असला, की वेदना वाहून नेणारे मज्जातंतू दुबळे होतात, आणि झटका केवळ धाप, घाम, उलटी किंवा अकारण वाढलेली साखर एवढ्याच रूपात प्रकट होऊ शकतो. हे स्त्री आणि पुरुष दोघांनाही लागू आहे. मात्र मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका ज्या पटीत वाढतो, ती पट स्त्रियांत अधिक आहे.

स्त्रिया सिगारेट ओढत नाहीत. मग तंबाखूचा विषय त्यांना कसा लागू होतो?

मिश्रीमुळे. तंबाखू भाजून केलेली काळी पूड दिवसातून अनेकदा दातांना लावून बसण्याची सवय महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, पुष्कळ स्त्रियांना आहे, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणे. ‘इंटरहार्ट’च्या पाहणीत तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका तंबाखू न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. मिश्रीतील निकोटिनही हिरड्यांवाटे त्याच रक्तात उतरते.

ईसीजी नॉर्मल आला, तरी झटका असू शकतो का?

असू शकतो. पहिला ईसीजी ही त्या क्षणाची नोंद असते; त्रास चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. सोबत रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. हे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरते, मात्र त्याला वेळ लागतो, म्हणून एक ते तीन तासांच्या अंतराने दुसरा नमुना घेतला जातो.

येथे स्त्री-पुरुष फरक अगदी आकड्यांत उतरलेला आहे. निरोगी स्त्रीच्या रक्तात ट्रोपोनिनची पातळी मुळातच कमी असते. अतिसंवेदनशील ट्रोपोनिनच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे, तर स्त्रियांसाठी १६. दोघांनाही पुरुषांचीच मर्यादा लावली, तर २० पातळी असलेल्या स्त्रीचा अहवाल ‘नॉर्मल’ ठरतो. झटक्याच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत म्हणूनच स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र मर्यादा वापरण्याची शिफारस केलेली आहे. आपल्या अहवालावर कोणती मर्यादा छापली आहे, हे रुग्णाने विचारायला काहीच हरकत नाही.

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले नाही, म्हणजे झटका नव्हताच का?

तसे नाही. झटक्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहांच्या रोहिण्यांत मोठा अडथळा सापडत नाही, आणि अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. रोहिणी तात्पुरती आकसणे, लहान गुठळी विरघळून जाणे किंवा सूक्ष्म वाहिन्यांचा विकार ही त्याची कारणे असू शकतात.

याच्याशी मिळताजुळता, पण वेगळा असा ताकोत्सुबो नावाचा विकार आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा खालच्या बाजूने फुगतो आणि हुबेहूब झटक्यासारखी लक्षणे दिसतात. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन करताना, फुगलेल्या कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्याला त्या मडक्याचे नाव दिले. याच्या दहा रुग्णांपैकी जवळपास नऊ स्त्रिया, आणि बहुतेक पाळी गेलेल्या, असतात. ‘ब्लॉकेज नाही, घरी जा’ एवढ्यावर समाधान मानू नये. मग इजा कशामुळे झाली, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा.

डॉक्टरांकडूनही स्त्रियांचे निदान चुकते का?

चुकते, आणि हे वैद्यकक्षेत्राने स्वतःच मान्य केलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तत्कालीन संचालक बर्नाडाइन हीली यांनी १९९१ मध्येच लिहिले होते, की आपला आजार पुरुषाच्या आजाराइतकाच गंभीर असल्याचे दाखवल्याशिवाय स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘व्हर्गो’मध्येही, झटक्यापूर्वी याच त्रासासाठी डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के स्त्रियांना आणि पुरुषांपैकी ३७ टक्के पुरुषांना, हा त्रास हृदयाचा नाही असे सांगितले गेले होते.

स्त्रियांच्या लक्षणांना ‘अटिपिकल’ म्हणण्याची पद्धतही याला कारणीभूत आहे. पुरुषांचे ते नेहमीचे आणि स्त्रियांचे ते वेगळे, हा हिशेबच विचित्र म्हटला पाहिजे. अमेरिकन हृदयरोग संघटनांनी छातीतील वेदनेविषयीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हा शब्द टाळून, वेदना हृदयाची, कदाचित हृदयाची किंवा हृदयाची नसलेली, असे म्हणावे असे सुचवले आहे.

शंका आल्यावर नेमके काय करावे?

व्यक्तीला बसवावे किंवा टेकून ठेवावे, चालवू नये, जिना उतरायला लावू नये, आणि १०८ किंवा ११२ ला फोन करावा. शक्यतो स्वतः गाडी चालवत जाऊ नये. जवळच्या दवाखान्यात ईसीजीची सोय नसेल तर तिथे वेळ न घालवता सोय असलेल्या रुग्णालयात जावे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत, निम्म्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला ३६० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे या सहा तासांची किंमत कळते.

या वेळेत एक घरगुती अडचण हमखास आड येते. ‘हे घरी आले की जाऊ’, ‘मुलांचा डबा झाला की बघू’, ‘आत्ता रात्री कशाला सगळ्यांना उठवायचं’ असे म्हणत स्त्रिया स्वतःचाच वेळ घालवतात. तिने ‘काही नाही, पडते जरा’ असे म्हटले तरी घरच्यांनी फोन करावा.

ॲस्पिरिन किंवा जिभेखालची गोळी द्यावी का?

ॲलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव होणारा अल्सर नसेल आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू नसतील, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर चार. फोनवर डॉक्टरांना विचारून दिलेली बरी. पॅरासिटामॉल हे ॲस्पिरिन नव्हे. जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याकडून आणून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, आणि काही प्रकारच्या झटक्यांत ते घातक ठरते. ज्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे, त्यानेच ती घ्यावी.

जोरजोरात खोकल्याने झटका थांबतो का?

थांबत नाही. मोबाइलवर फिरणारा हा संदेश खोटा आहे आणि त्यात वेळ जातो.

स्त्री कोसळली आणि श्वास थांबला, तर पुरुषाने छाती दाबावी का?

होय, ताबडतोब. २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के पुरुषांना, तर स्त्रियांपैकी ३९ टक्के स्त्रियांना बघ्यांकडून ही मदत मिळाल्याचे दिसले. संकोच हे त्याचे एक कारण मानले जाते. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबावे. साडी किंवा ओढणी बाजूला करण्यात वेळ घालवायची गरज नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर काय सांगावे?

निदान सांगू नये, जाणीव सांगावी. ‘ॲसिडिटी वाढली आहे’ असे म्हटले की समोरच्याचा विचारही ॲसिडिटीच्या दिशेने जातो. त्याऐवजी कधी सुरू झाले, कुठे जाणवते, कुठे पसरते, काय केल्यावर वाढते, सोबत घाम, धाप, उलटी आहे का, आणि मधुमेह, रक्तदाब, मिश्री, बाळंतपणातील त्रास यांपैकी काय आहे, हे सांगावे. उदाहरणार्थ: ‘साडेसहापासून छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय, पाठीत जातंय, दोनदा उलटी झाली, घाम येतोय, दहा वर्षं शुगर आहे. हे हृदयाचं असू शकतं का? ईसीजी काढा.’ झटक्याच्या संशयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा असा वैद्यकीय संकेत आहे, त्यामुळे ही मागणी करताना संकोचण्याचे कारण नाही.